जबड्याची वेदना आणि प्रतिमेची साक्ष : एक चिकित्सा

१

वेदना ज्याची त्याला कळते; प्रतिमा सर्वांना दिसते. आधुनिक वैद्यकाने या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न वारंवार केलेला आहे. मोडलेल्या हाडाच्या बाबतीत तो सहज साधला, कारण तेथे वेदनेचे कारण आणि छायाचित्रात दिसणारी भेग ही एकाच जागी असतात. जबड्याच्या स्नायूंच्या वेदनेत मात्र तशी सोय नाही. स्नायू दुखतो, पण तुटलेला नसतो. कित्येकदा सुजलेलाही नसतो. अशा वेळी प्रतिमेने नेमके काय दाखवावे अशी अपेक्षा आहे, हा प्रश्न यंत्र सुरू करण्यापूर्वीच सोडवावा लागतो. गेल्या काही दशकांत या विषयावर जे लेखन झाले, त्यातील बऱ्याच भागाने तो सोडविलेला नाही, असे म्हणावे लागते.

अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने या प्रश्नाला एक वेगळे महत्त्व आहे. 'जबडा दुखतो, तोंड पुरते उघडत नाही' अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण वऱ्हाडातील कोणत्याही दंतचिकित्सालयात नवा नाही. परंतु या एकाच तक्रारीखाली येथे निदान दोन भिन्न व्याधी दडलेल्या असतात. एक म्हणजे चर्वणस्नायूंची वेदना. दुसरी म्हणजे सुपारीच्या सेवनाने तोंडातील अस्तराखाली तंतू दाटून येण्याची व्याधी, जिला मुखवैद्यकात अधःश्लेष्मल तंतुमयता म्हणतात. पहिली त्रासदायक असली तरी जिवावर बेतणारी नाही. दुसरी कर्करोगाची पूर्वपीठिका ठरू शकते. या दोहोंची गल्लत झाली तर तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून प्रतिमादर्शनाच्या पद्धतींची येथे जी चिकित्सा करावयाची, ती याच कसोटीवर करणे इष्ट होय.

२

प्रथम इतिहासाकडे पाहावे. रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावला आणि दातांची व जबड्याच्या हाडांची छायाचित्रे अल्पकाळातच निघू लागली. पुढे फिनलंडमधील पाटेरो यांच्या प्रयत्नांतून संपूर्ण जबडा एकाच पट्टीवर दाखविणारे छायाचित्र प्रचारात आले. आज ज्याला सर्वत्र 'ओ.पी.जी.' म्हणतात ते हेच. या सर्व साधनांचा विषय हाड हा होता. साहजिकच जबड्याच्या वेदनेचे कारणही हाडांत व सांध्यात शोधले जाऊ लागले. अमेरिकन कर्णवैद्य जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली कानाजवळच्या दुखण्याचा संबंध दाढा गेल्यामुळे बिघडलेल्या सांध्याशी जोडला, आणि दीर्घकाळ हीच उपपत्ती मान्य राहिली.

तिला पहिला धक्का १९५० च्या दशकात लास्लो श्वार्ट्‌झ यांनी दिला. सांध्यापेक्षा स्नायूंकडे लक्ष द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६९ साली डॅनियल लास्किन यांनी हाच विचार अधिक स्पष्ट करून स्नायूच्या आकुंचनाला व्याधीच्या केंद्रस्थानी आणले. तेव्हापासून वेदनेचे स्थान हाडाकडून मांसाकडे सरकले. पण दवाखान्यातील यंत्र मात्र हाडाचेच राहिले. या विसंगतीचे परिणाम आजही दिसतात. स्नायू दुखणाऱ्या रुग्णाला ओ.पी.जी. काढावयास सांगितले जाते. त्या छायाचित्रात स्नायू दिसतच नाही. आणि 'काही दोष नाही' असा निर्णय रुग्णाच्या हाती पडतो. छायाचित्राने खोटे सांगितलेले नसते. त्याला जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर देणे त्याच्या आवाक्यातच नव्हते. दाढेचा विकार किंवा हाडातील गाठ नाही याची खात्री करून घेण्यापुरता त्याचा उपयोग मोठा आहे. पण त्यापलीकडे त्याला साक्षीदार करणे म्हणजे ज्याने घटना पाहिलीच नाही त्याची जबानी घेण्यासारखे आहे.

३

स्नायूच्या वेदनेचे निदान मग कशाने होते? या बाबतीत आंतरराष्ट्रीय एकवाक्यता बरीच झालेली आहे. १९९२ साली संशोधनासाठी जे निकष तयार झाले, त्यांची सुधारून घेतलेली आवृत्ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार गेल्या तीस दिवसांत जबडा, कानशील अथवा कान यांत वेदना झालेली असावी. जबड्याच्या हालचालीने ती कमीअधिक व्हावी. आणि गालाचा मॅसेटर किंवा कानशिलाचा टेंपोरालिस हा स्नायू सुमारे एक किलोग्रॅम भाराने दाबला असता, अथवा तोंड पूर्ण उघडले असता, रुग्णाने 'हीच ती माझी वेदना' असे ओळखून सांगावे. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. दाबल्यावर कोणालाही थोडे दुखेल; परिचित वेदना जागी झाली पाहिजे. या निकषांनी स्नायुवेदना असलेल्या शंभर रुग्णांपैकी नव्वद ओळखले जातात आणि ती नसलेल्या शंभरांपैकी नव्याण्णव जण वगळले जातात, असे मूळ परीक्षणात आढळले. या निदानासाठी कोणत्याही प्रतिमेची अट घातलेली नाही.

सांध्यातील चकतीच्या बाबतीत चित्र याच्या उलट आहे. चकती सरकून पुन्हा जागेवर येत असेल, तर ते हाताने ओळखणे कठीण जाते. तेथे वरील निकषांची ओळखण्याची शक्ती शंभरांत चौतीस इतकीच भरली, आणि खात्रीसाठी चुंबकीय अनुनादाची, म्हणजे एम.आर.आय.ची, प्रतिमा आवश्यक ठरते. परंतु तेथेही एक अडचण आहे. कसलीही तक्रार नसलेल्या स्वयंसेवकांची अशी प्रतिमा घेतली असता त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांशांमध्ये चकती सरकलेली आढळते. म्हणजे प्रतिमेत दोष आहे आणि वेदना नाही, असे लोक पुष्कळ आहेत. तसेच वेदना आहे आणि प्रतिमेत दोष नाही, असेही आहेत. जागतिक वेदना अभ्यास संघाने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या केली व २०२० साली सुधारली, तीत वेदना हा एक अनुभव मानलेला आहे. ऊतीची इजा प्रत्यक्ष असेलच असे नाही. व्याख्येतच हे मान्य असताना प्रतिमेने अनुभवाला प्रमाणपत्र द्यावे, ही अपेक्षा मुळातच विसंगत होय.

येथे एक आक्षेप संभवतो. निदान जर बोटांनी होत असेल, तर प्रतिमेची चर्चाच कशाला? त्याचे उत्तर असे की, वरील आकडे ज्या परीक्षणातून आले ते मिनेसोटा, वॉशिंग्टन व बफलो येथील विद्यापीठांतील रुग्णांवर झालेले आहे. तेथील रुग्ण सुपारी चघळत नाही. वऱ्हाडातील रुग्ण चघळतो. ज्या समाजात तोंड न उघडण्याचे दुसरे मोठे कारणच अस्तित्वात नाही, तेथे मिळालेली नव्याण्णव टक्क्यांची खात्री अमरावतीच्या बाह्यरुग्ण विभागात जशीच्या तशी आणता येणार नाही. येथे बोटांना मदतनिसाची गरज आहे, आणि तो कोण हे ठरविण्यासाठीच प्रतिमादर्शनाचा अभ्यास व्हावयास हवा.

४

विदर्भात पानठेल्यावर मिळणारा खर्रा हा सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण असून तो प्लास्टिकच्या कागदावर घोटून दिला जातो. पश्चिम महाराष्ट्रात जवळजवळ याच पदार्थाला मावा म्हणतात. तो गालात धरून तासन् तास चघळला जातो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी सुपारी चघळण्याची सवय त्यामुळे संपली नाही.

या सवयीतून उद्भवणाऱ्या तंतुमयतेचे पहिले आधुनिक वर्णन १९५२ साली झाले, आणि तेही केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांवरून. लगेच १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींतील या व्याधीला आजच्या नावाच्या जवळ जाणारे नाव दिले. १९६६ साली कोपनहेगनचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी तिचे सविस्तर विवेचन केले. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षांच्या कालावधीत मागोवा घेतला गेला, तेव्हा त्यांतील ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी स्वतःच, तंबाखूविनाही, कर्करोगजनक असल्याचा निर्वाळा दिला. विदर्भापुरते बोलावयाचे तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून २००७ साली मध्य भारतातील १००० रुग्णांचा अभ्यास प्रकाशित झाला. त्यात पुरुष व स्त्रिया यांचे प्रमाण ४.९ : १ असे होते.

या व्याधीचा रुग्ण पुष्कळदा प्रथम तिखटाची तक्रार करतो. ज्या घरात ठेच्यावाचून भाकरी गोड लागत नाही, तेथे तिखट सोसेनासे होणे ही लक्षात येण्याजोगी गोष्ट आहे. पुढे गालाचे आतले अस्तर पांढुरके पडते, बोटाला ताठ पट्टे लागतात, आणि तोंड हळूहळू मिटत जाते. मुंबईच्या खन्ना आणि अँड्रेड यांनी १९९५ साली शंभर रुग्णांच्या शस्त्रक्रियांवरून या मिटण्याच्या पायऱ्या सांगितल्या : वरखालच्या पुढल्या दातांतील अंतर ३५ मिलिमीटरहून अधिक, २६ ते ३५, १५ ते २५, आणि १५ हून कमी. एवढ्यावरून कोणाला वाटेल की ही केवळ अस्तराची व्याधी आहे आणि स्नायू निर्दोष आहे. पण तसे नाही. १९८५ साली एल-लब्बान व कॅनिफ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांचे स्नायुतंतू पाहिले, तेव्हा त्यांत ऱ्हासाच्या खुणा आढळल्या. खन्ना आणि अँड्रेड यांच्या शस्त्रक्रियेतही केवळ अस्तरातील पट्टे कापून भागत नसे. टेंपोरालिस स्नायूवरही शस्त्र चालवावे लागे. म्हणजे दोन व्याधी वेगळ्या असल्या तरी त्यांची सीमा स्नायूत मिळते. जो तरुण दिवसभर खर्रा चघळतो, त्याचा मॅसेटर अतिश्रमाने दुखू शकतो आणि त्याच वेळी त्याच्या गालात तंतूही दाटत असतात. एक व्याधी ओळखली गेली म्हणून दुसरी नाही असे ठरत नाही.

५

अशा स्थितीत कोणती प्रतिमा उपयोगी? संगणकीय छेदचित्रणाने, म्हणजे सी.टी.ने, स्नायूचा आकार चांगला कळतो. पण त्यात किरणांची मात्रा बरीच असते, आणि केवळ दुखणाऱ्या स्नायूसाठी ती देणे समर्थनीय नाही. चुंबकीय अनुनादाची प्रतिमा सर्वांत बोलकी. स्नायूतील पाण्याचे प्रमाण, सूज, चरबी तीत कळते. जबड्याच्या आतल्या बाजूचे टेरिगॉइड स्नायू, जे बाहेरून बोटाला नीट लागत नाहीत आणि हाडाआड असल्याने ध्वनिलहरींनाही सापडत नाहीत, ते तीत दिसतात. परंतु दात काही वेळ घट्ट आवळून धरले तरी स्नायूतील पाण्याचा संकेत वाढतो. तेव्हा व्यायाम आणि व्याधी यांतील भेद येथेही आपोआप होत नाही. शिवाय मेळघाटातून, धारणीसारख्या गावाहून, शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करून अमरावतीस येणाऱ्या मजुराला या तपासणीचा खर्च परवडण्याजोगा नसतो.

उरते ती श्रवणातीत ध्वनीची प्रतिमा, म्हणजेच सोनोग्राफी. ती स्वस्त आहे, किरणांविना होते, आणि मॅसेटर हा त्वचेखालीच असल्याने तिला सोईचा पडतो. १९९१ साली किलियारिडिस आणि केलेबो यांनी निरोगी प्रौढांत केलेल्या मापनावरून पुरुषांत हा स्नायू शिथिल असताना सुमारे १० मिलिमीटर व दात आवळल्यावर सुमारे १५ मिलिमीटर जाड असतो. स्त्रियांत दोन्ही आकडे थोडे कमी. लांबट चेहऱ्याच्या स्त्रियांत तो पातळ असतो, हेही त्यांना दिसले. जपानमध्ये आरिजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढे जाऊन स्नायूतील उजळ रेषांचे वर्गीकरण केले : स्पष्ट रेषा, जाडावलेल्या फिकट रेषा, आणि नाहीशा झालेल्या रेषा. वेदना असलेल्या स्त्रियांत शेवटचे दोन प्रकार अधिक आढळले. पुढे स्नायूचा ताठपणा मोजण्याची इलॅस्टोग्राफीची पद्धतही त्यांनी वापरली.

विदर्भातही या दिशेने काम झालेले आहे. वर्ध्याजवळ सावंगी येथील शरद पवार दंत महाविद्यालयातून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंतुमयतेचे रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या मॅसेटर, टेंपोरालिसचा पुढचा भाग आणि ओठांभोवतीचा स्नायू यांची जाडी सोनोग्राफीने, आणि त्यांची क्रियाशीलता विद्युत्‌लेखनाने मोजली गेली. आकार आणि कार्य एकत्र पाहण्याची ही दृष्टी निःसंशय योग्य होय. मात्र रुग्ण विरुद्ध निरोगी अशी तुलना व्याधीचे वर्णन करते. दोन व्याधींतील निवड करण्यास ती मदत करीलच असे नाही. दवाखान्यात येणारा मनुष्य निरोगी नसतोच. त्याला जी शंका असते ती 'मला काही आहे का' ही नव्हे, तर 'मला यातले काय आहे' ही.

६

जाडीच्या मापनावर तर अधिक मूलगामी आक्षेप घेता येतो. स्नायू जाड होण्याची कारणे किमान दोन : श्रमाने होणारी वाढ आणि सूज. तो पातळ होण्याचीही दोन : न वापरल्याने येणारी क्षीणता आणि तंतूंचा ऱ्हास. खर्रा चघळणाऱ्यात आरंभी पहिले कारण व पुढे शेवटचे संभवते. मधल्या कोणत्या तरी टप्प्यावर ही दोन्ही एकमेकांना खोडून काढतील आणि आकडा निरोगी माणसाचाच येईल. निरनिराळ्या टप्प्यांतील रुग्णांची सरासरी काढली, तर हा सगळा इतिहास एका बेरजेत विरून जातो. दात आवळल्यावरच्या जाडीत आणखी एक गोम आहे. १९९१ साली लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार वेदना असलेला स्नायू जोर कमी लावतो. ते शरीराचे स्वसंरक्षण असते. तेव्हा दुखणाऱ्या मनुष्याचा आवळलेला स्नायू पातळ आढळला, तर यंत्राने स्नायूची जाडी मोजली की रुग्णाची आवळण्याची इच्छा, हे सांगता येत नाही.

यंत्राच्या सूक्ष्मतेचा येथे प्रश्न नाही. दहा मेगाहर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी ऊतींत सुमारे ०.१५ मिलिमीटर असते. एवढ्या बारीक पट्टीने मिलिमीटरचा फरक खुशाल मोजावा. अडचण हाताची आहे. शोधक गालावर थोडा अधिक दाबला की स्नायू चपटा होतो. तो थोडा तिरपा धरला की जाड दिसतो. म्हणून तोच परीक्षक दुसऱ्या दिवशी आणि दुसरा परीक्षक त्याच दिवशी तेच माप आणतो की नाही, हे प्रथम सिद्ध झाले पाहिजे, आणि परीक्षकास समोरचा मनुष्य रुग्ण आहे की निरोगी हे ठाऊक नसले पाहिजे. पदव्युत्तर प्रबंधांत या दोन गोष्टींना बहुधा एखाद्या वाक्याची जागा मिळते. वास्तविक त्यांना एक प्रकरण द्यावयास हवे.

यात कायद्याचाही एक संबंध येतो. गर्भलिंगनिवडीस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला व २००३ साली त्यात सुधारणा झाली. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची व केंद्राची नोंदणी आवश्यक असून ते कोणी चालवावे याच्याही अटी आहेत. कायद्याचा हेतू निर्विवाद उचित आहे. पण त्यामुळे मुखवैद्यकाच्या अभ्यासकाला आपला रुग्ण घेऊन क्ष-किरणतज्ज्ञाच्या दालनात जावे लागते. बोटे एकाची, शोधक दुसऱ्याचा, आणि निष्कर्ष तिसराच लिहितो. हे विभाजन अपरिहार्य असेल तर त्याचा लाभ करून घ्यावा : ज्याने गाल दाबून पाहिला त्याने प्रतिमा पाहू नये, आणि ज्याने प्रतिमा घेतली त्याला तक्रार सांगू नये. कायद्याने लादलेली भिंत अशा रीतीने शास्त्राला उपकारक ठरेल.

निदानाच्या साधनाची योग्यता सहा पायऱ्यांनी मोजावी, असे फ्राइबॅक आणि थॉर्नबरी यांनी १९९१ साली सुचविले. प्रतिमा तांत्रिक दृष्ट्या चांगली आहे काय. ती व्याधी ओळखते काय. तिने वैद्याचा विचार बदलतो काय. उपचार बदलतो काय. रुग्णाला गुण येतो काय. आणि समाजाला तो खर्च परवडतो काय. जबड्याच्या स्नायूंवरील प्रतिमा-संशोधन बव्हंशी पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलेले आहे. दुसरी पायरीही अनेकदा फसवी असते, हे एका काल्पनिक हिशेबाने दाखविता येईल. तोंड न उघडणाऱ्या शंभर जणांपैकी तीस स्नायुवेदनेचे व सत्तर तंतुमयतेचे आहेत असे समजू. एखादी प्रतिमा दोन्ही बाजूंनी ऐंशी टक्के अचूक असेल, तर ती तिसांपैकी चोवीस जणांना बरोबर ओळखील; पण सत्तरांपैकी चौदा जणांनाही स्नायुवेदनेचेच ठरवील. म्हणजे तिने 'स्नायू' म्हटलेल्या अडतीस जणांत चौदा तंतुमयतेचे असतील. त्यांना शेक व गोळ्या देऊन घरी पाठविले, तर ते पुन्हा केव्हा आणि कोणत्या अवस्थेत परततील, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

७

या चिकित्सेतून प्रतिमेचा त्याग सुचवावयाचा आहे असे नव्हे. तिला योग्य जागी बसविणे एवढेच अभिप्रेत आहे. वऱ्हाडात त्याची अनुकूलता आहे. अमरावतीस विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आणि १९८४ पासूनचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर कान्हेरी सरप येथे दंत महाविद्यालय आहे. दंतवैद्य आणि क्ष-किरणतज्ज्ञ दोन्ही जिल्ह्यांत हाताशी आहेत. उणीव आहे ती प्रश्नाची.

तो प्रश्न असा मांडता येईल. तोंड पुरते न उघडणारे सर्व रुग्ण क्रमाने घ्यावेत, निवडून नव्हे. प्रथम सवयीचा इतिहास : काय चघळतो, दिवसातून किती वेळा, कोणत्या गालात. मग तोंडात बोट घालून पट्टे चाचपावेत. मग २०१४ च्या निकषांनुसार स्नायू दाबून परिचित वेदना जागी होते का ते पाहावे. त्यानंतर पट्टीने अंतर मोजावे, एकदा रुग्णाने स्वतः उघडल्यावर आणि एकदा वैद्याने बोटांनी हळूच ताणून. स्नायू केवळ दुखत असेल, तर ताणल्यावर जबडा थोडा अधिक उघडतो; तंतू दाटले असतील, तर तो भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. बोट व पट्टी यांच्या या तपासणीला खर्च जवळजवळ नाही. यानंतर सोनोग्राफी करावी, आणि तिने पुढील एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : पहिल्या चार गोष्टींनी जे समजले, त्यात प्रतिमेने किती भर घातली? भर पडत नसेल, तर हा निष्कर्षही प्रसिद्ध करण्याजोगाच आहे. भर पडत असेल, तर ती जाडीने पडते, रेषांच्या स्वरूपाने की ताठपणाने, हे पाहावे. ताठपणाकडून अधिक आशा आहे, कारण तंतू दाटणे म्हणजे मुळात ताठ होणे. जाडीसारखा हा गुण दोन विरुद्ध कारणांनी एकच आकडा देण्याचा संभव कमी.

आणि एकच व्यक्ती पुनःपुन्हा पाहिली जावी. शंभर माणसांची एकदाची सरासरी जे लपविते, ते एका माणसाची दोन वर्षांतील पाच मापे उघड करतात. खर्रा सोडल्यावर स्नायूत काय बदलते, हे या प्रदेशाइतके सोईने कोठे अभ्यासता येईल? हा अभ्यास महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या एका प्रबंधाच्या मुदतीत बसणार नाही, हे खरे; तेव्हा तो व्यक्तीचा न राहता विभागाचा व्हावा, आणि एका विद्यार्थ्याने ठेवलेली नोंदवही दुसऱ्याने पुढे चालवावी.

स्नायूची प्रतिमा वेदनेची साक्षीदार होऊ शकत नाही. वेदनेची साक्ष रुग्णच देतो आणि ती मानली पाहिजे. प्रतिमेने सांगावयाचे ते एवढेच, की या वेदनेआड आणखी काही वाढत आहे काय. ज्या प्रदेशात त्या 'आणखी काही'चा शेवट कर्करोगात होऊ शकतो, तेथे हे काम लहान नाही. छायाचित्र स्वच्छ आले म्हणून दुखणाऱ्या मनुष्यास खोटा ठरवू नये, आणि स्नायू दुखतो म्हणून त्याच्या गालात बोट घालून पाहण्याचे टाळू नये, या दोन मर्यादा पाळूनच जबड्याच्या प्रतिमाशास्त्राने वऱ्हाडात पाऊल पुढे टाकणे हितावह होईल.